प्रेसखाली दिनूचा हात

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहिवलीत, मागच्या दारी भांडी घासत होते. माझा धाकटा भाऊ. भेटायला आलेले म्हणाले, शांत माणूस गेला... त्यांनी त्याला खालापूरच्या कारखान्यात कुठे बघितलं होतं.

ऐंशीनंतरची गोष्ट. तिथला पत्रा दाबायचा मोठा प्रेस नुकताच कॉम्प्युटरवर घेतला होता नि दिनू त्या कॉम्प्युटरवर कामाला. एका दुपारी प्रेस आपोआप खाली आला आणि त्याच प्रेसवर काम करणाऱ्या रामाचा पंजा चेचला गेला. प्रेस चालवत होता महादू. त्याचं नि रामाचं जुनं भांडण, म्हणून सगळे म्हणाले, यानंच मुद्दाम बटण दाबलं. रामाच्या भावानं, बबननं, महादूला गेटबाहेर पाडून दगडानं त्याचे दात पाडले. दिनू मध्ये पडला तर बबननं उगारलेल्या कोयत्याची मूठ त्याच्या कपाळात बसली. डोळ्यांत रक्त उतरलेलं, आणि हा बोलतोय काय, "बटण कुणी नाय दाबलं रं बबन. प्रोग्राम चुकलाय."

"मंग दाखव. नायतर याला तोडतो."

मला समजावं म्हणून दिनूनं सोपं करून सांगितलं होतं. कॉम्प्युटरचा मूळ प्रोग्राम, त्याला कर्नल म्हणतात, तो प्रत्येक कामाला मेमरीत जागा देतो आणि काम झालं की काढून घेतो. प्रेसचा हुकूम जिथून वाचायचा, ती जागा त्यानं काढून हजेरी छापायच्या कामाला दिली. पण तिथलं वाचणं काही थांबवलं नाही. मग हजेरीचा एखादा आकडाच प्रेसला हुकूम वाटायचा.

बबनला हे सांगून थोडंच पटणार होतं. दिनूनं माझ्या परसातला भोपळा मागितला. मीच कारखान्यात घेऊन गेले, एकट्याला कसा सोडू? महादूला बबननं मानगुटीला धरून उभं केलेलं. भोपळा प्रेसखाली ठेवला, दिनूनं फक्त हजेरी छापायला लावली... आणि प्रेस आदळला. गर आमच्या तोंडावर उडाला. बबन भिंतीला धरून ओकला.

मग दिनूनं चूक दुरुस्त केली. जागा काढून घेतली की तिचा पत्ताही पुसायचा, आणि वाचण्याआधी ती आपली आहे का, ते तपासायचं. प्रेस पुन्हा सुरू करायच्या दिवशी बबन कोयता घेऊन हजर.

"आता भोपळा नको. तुजा हात ठेव."

मी दिनूचा सदरा धरला. "नको रं."

"ताय, मी नाय ठेवला तर उद्या कामावर महादूला ठेवायचाय."

हात ठेवला त्यानं. छपाई सुरू झाली, कागद खडखडत येत राहिला. प्रेस हलला नाही. कागद संपेना, तेव्हा बबननंच त्याचं मनगट धरून ओढलं. "बास रं," म्हणाला, नि कोयता तिथेच टाकून चालता झाला.

पुढे माझ्याकडे मिक्सर आला. दिनू जेवायला आला की बटण बंद असलं तरी पिन काढायला लावायचा. "बटणावर भरवसा नको ठेवू गं, ताय." मी हसायचे. परवा चटणी वाटताना भांड्यात बोटं घातली आणि थांबले. पिन तशीच होती. ती काढली... आणि मग चटणी राहिली बाजूला, कितीतरी वेळ पिन हातात धरूनच बसले.