शेलार सरांचं साईटेशन

लायब्ररीतून गेलेलं पुस्तक परत यायला दहा वेळा निरोप धाडावा लागतो, पण किस्से मात्र न बोलावता येऊन टेबलावर बसतात. शिरूरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, शांत काम आहे. कसलं शांत आणि कसलं काय! सासर वरवंडचं. चौफुल्याला एसटी बदलून धापा टाकत पोचावं, तर काउंटरवर कोपर टेकून कुणीतरी प्राध्यापक उभाच. "मॅडम, माझा आकडा वाढला का हो?"

हा आकडा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कुणी किती शोधनिबंध लिहिले, कुणाबरोबर लिहिले आणि ते दुसऱ्यांनी आपल्या निबंधात संदर्भ म्हणून किती वेळा घेतले, हे दरवर्षी मोजून वर कळवायचं असतं. मोजायचं काम ग्रंथपालाच्या गळ्यात. कुणी संदर्भ घेतला की झालं एक साईटेशन. वर आणखी एच-इंडेक्स नावाचं प्रकरण. पाच निबंध प्रत्येकी पाच वेळा घेतले तर पाच, पण एकच निबंध शंभर वेळा घेतला तरी एकच. हे मी घरी नवऱ्याला समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे एका म्हशीनं कितीबी दूध दिलं तरी गोठा एकाच म्हशीचा." मी म्हटलं, अगदी बरोबर, आता डबे भर.

आमच्याकडे सगळ्यांचा काही ना काही आकडा होता. फक्त बॉटनीच्या शेलार सरांचं साईटेशन शून्य. माणूस तसा कामसू. निमोण्याच्या शेतांतून कित्येक हंगाम उन्हातान्हात फिरून त्यांनी कांद्यावरच्या करपा रोगावर एक निबंध लिहिला होता, आणि तो जगात कुणीही वाचला नव्हता. रिटायरमेंट जवळ आलेली, प्रमोशन दोनदा हुकलेलं, आणि यंदाची मुलाखत ही शेवटची संधी. पण प्रमोशनपेक्षाही त्यांचं दुखणं वेगळंच होतं. डबा खाताना म्हणायचे, "मॅडम, कुणीतरी एकदा वाचावा हो. बाकी काही मागणं नाही." मला फार वाईट वाटायचं.

*

कॉमर्सचे धुमाळ सर याच्या अगदी उलट. त्यांचा एक निबंध माझ्याकडे नोंदीला आला. मजकूर चार पानांचा आणि लेखकांची नावं अर्धं पान. मी विचारलं, एवढ्या सगळ्यांनी मिळून लिहिलं तरी काय? ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, लग्नपत्रिकेत भावकीतलं एक नाव राहिलं तर काय होतं, ठाऊक आहे ना?"

नियमाप्रमाणे प्रत्येक लेखकाची सही लागते. त्यातल्या दौंडच्या एका सरांना फोन लावला. त्यांनी आधी माझं अभिनंदन स्वीकारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, विषय काय आहे आपला?"

धुमाळ मनाचे मात्र मोठे. शेलार सरांना म्हणाले, पुढच्या निबंधात तुझा संदर्भ टाकतो, काळजी सोड. शेलार म्हणाले, वाचून टाकणार असशील तर टाक. धुमाळांनी खरोखर आश्चर्यानं विचारलं, "वाचायचं? कधी?"

*

खेळाचे कोकरे सर आणि दौंडच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे त्यांचे मेव्हणे यांचा तर आहेरच चालायचा. ह्यांनी त्यांचं साईटेशन करायचं, त्यांनी ह्यांचं फेडायचं. एकदा कोकरे सरांच्या खो-खोवरच्या निबंधात मला झिंकच्या अतिसूक्ष्म कणांवरचा संदर्भ सापडला. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तोच!

विचारलं, ह्याचा खो-खोशी संबंध काय? कोकरे जराही अडखळले नाहीत. म्हणाले, "कण जेवढा बारीक तेवढा चपळ, मॅडम. आमच्या पोरींचं बी तेच हाय."

मला वाटलं, मेव्हणे आता अडकले. केमिस्ट्रीत खो-खो कुठं घालणार? पण पुढच्याच वर्षी त्यांचा निबंध आला. त्यात वाक्य होतं, रेणू एकमेकांचा पाठलाग करतात. पुढे संदर्भ, कोकरे.

*

भूगोलाचे पवार सर एका सकाळी झोपेतून उठले ते थेट जागतिक कीर्तीचे. इंटरनेटवरच्या यंत्रणेनं त्यांच्याच नावाच्या, अमेरिकेतल्या एका हार्टच्या डॉक्टरचे सगळे निबंध त्यांच्या खात्यावर जमा केले होते. मी प्राचार्यांना सांगायला धावले की गफलत झालीय. मी पोचेपर्यंत शाल आणि नारळ देऊन झाला होता.

मी चूक दुरुस्त करून घेतली. पवार सरांचा आकडा होता तिथं आला, म्हणजे जवळजवळ जमिनीवर. ते काही महिने माझ्याशी बोलले नाहीत. पण बातमी तोवर भीमेपर्यंत गेली होती. वडगाव रासाईचे एक आप्पा ईसीजीची पट्टी घेऊन स्टाफरूममध्ये हजर. पवार सरांनी किती समजावलं की मी नद्या शिकवतो. आप्पा हलेनात. शेवटी सरांनी पट्टी उजेडाला धरली, नीट पाहिली आणि म्हणाले, "चढउतार फार आहेत. डॉक्टरला दाखवा."

आप्पांनी दाखवलं. त्यांना खरंच औषध लागलं, आणि तेव्हापासून दर हंगामात पवार सरांच्या घरी भाजीची पिशवी येते.

*

धुमाळ सरांचं अजून एक सांगते, राहवत नाही. त्यांनी घाईघाईत एका मासिकाला निबंध पाठवला आणि कँटीनमध्ये चहाला गेले. चहा संपायच्या आत उत्तर. निबंध तज्ज्ञांनी तपासला, आवडला, किरकोळ सुधारणा हव्यात. धुमाळ फुलून गेले. कौतुकानं मेल मला दाखवायला आले, तर खाली जोडलेली फाईल त्यांच्या पुतण्याच्या जावळाची होती, आचाऱ्यानं सांगितलेल्या किराण्याची यादी!

तज्ज्ञांचा शेरा होता, "मांडणी नेमकी आहे. संदर्भ वाढवावेत."

धुमाळ सर गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, शेलारचा टाकू का ह्यात?"

*

आता शेलार सरांचं.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मी आकडे तपासत होते, तर शून्याच्या जागी एक. मला खरं वाटेना. उघडून पाहिलं, ब्राझीलचा कुणी संशोधक. शिपायाला पाठवलं तर सर हातात अर्धी भाकरी घेऊनच आले. उभ्यानं वाचायला लागले. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्यावर. कारण मी आधी वाचलं होतं. त्या माणसानं लिहिलं होतं की शेलार यांचा निष्कर्ष चुकीचा आहे.

सरांचं म्हणणं होतं, करपा बांधावर टाकलेल्या वाळल्या पातीतून पसरतो. ब्राझीलवाल्यानं तसाच प्रयोग करून पाहिला, तर पातीतून काही पसरलं नाही. त्यानं विचारलं होतं, शेलार यांनी पाहिलेल्या सगळ्या वावरांत बी एकाच ठिकाणचं तर नव्हतं ना, आणि करपा त्या बियांतूनच गेला नसेल ना?

सरांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "मॅडम, वाचलाय हो त्यानं. शेवटचं कोष्टकसुद्धा वाचलंय." डोळ्यांत पाणी होतं. भाकरी माझ्या टेबलावर ठेवून, मोटरसायकल काढून तडक निमोण्याला गेले.

तिथं ज्या आबांच्या वावरापासून त्यांनी सुरुवात केली होती, त्यांना विचारलं, त्या वर्षी बी कुणाचं होतं? आबा म्हणाले, "माझंच की. घरचं बी. आख्ख्या वस्तीनं माझ्याकडनंच नेलं व्हतं." सर म्हणाले, मग तेव्हा सांगितलं का नाही? आबा म्हणाले, "तुम्ही कवा इचारलं?"

कांद्याचं घरचं बी एकाकडून दुसऱ्याकडं जातं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून तर सरांना ते विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमनं सरांना घेरलं. धुमाळ म्हणाले, एक म्हणजे एक, आत काय लिहिलंय ते कुणाला सांगायचं नाही. कोकऱ्यांनी तर आईची शपथ घातली. सरांनी नुसती मान हलवली. होकारार्थी का नकारार्थी, ते कळलं नाही.

मुलाखतीला आकडे पडताळायला मलाही आत बसवलं होतं. प्राचार्य, सरकारी प्रतिनिधी आणि पुण्याहून आलेले विषयतज्ज्ञ. तज्ज्ञांचा स्वतःचा एच-इंडेक्स एवढा, की प्राचार्यांनी स्वागताच्या भाषणात तो दोनदा सांगितला. त्यांनी कागद पाहून भुवया उंचावल्या. "साईटेशन एकच?"

मी हो म्हणाले. विषय तिथंच संपला असता. पण शेलार सर बोलले, "एकच, सर. आणि त्यातही मी चुकलोय, बी कुणाचं ते पाहिलंच नाही, असं लिहिलंय."

प्राचार्यांनी टेबलाखालून लाथ मारली. ती मला लागली.

तज्ज्ञ हसले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो शेलार, हे सांगायचं कशाला? आकडा आहे ना, बास. आत काय लिहिलंय ते कोण वाचतंय?"

"त्यानं वाचलं ना, सर."

तज्ज्ञांचं हसू गेलं. मी मनात म्हटलं, संपलं, गेलं प्रमोशन. तज्ज्ञांनी पेनाचं टोपण काढलं, शिफारशीच्या कागदावर सही केली आणि तो प्राचार्यांकडे सरकवला.

"हे झालं. आता मला सांगा, बी कुणाचं होतं?"

सर सांगायला लागले. निमोणं, बांध, पात, आबा. तज्ज्ञांनी माझ्याकडे मूळ निबंध मागितला. प्रत एकच होती, म्हणून तिघांनी खुर्च्या ओढून जवळ घेतल्या. शेलार सर मांडीवर हात ठेवून समोर बसलेले, आणि त्यांचा निबंध पान उलटत उलटत त्यांच्यासमोर वाचला जात होता.

बऱ्याच वेळानं शिपाईमामांनी दार किलकिलं केलं. म्हणाले, भायेरचे पुढचे उमेदवार इचारतात, अजून किती टाईम?

तज्ज्ञांनी मान वर केली नाही.

"थांबा म्हणावं. वाचतोय."