प्रेताचा श्वास

दादा चित्रपटांत प्रेत व्हायचे. एरवी गाद्या शिवण्याच्या कारखान्यात कामाला. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. साहित्यात एम. ए. झालो होतो आणि एका वर्तमानपत्रात चित्रपटांची परीक्षणं लिहायचो.

"दिवसभर गाद्या शिवतो," दादा म्हणायचे, "आणि झोपायला मिळतं लोखंडी टेबल."

आधी सगळा श्वास सोडून द्यायचा, मग थांबायचं, एवढंच त्यांचं तंत्र. "भरलेली छाती थरथरते रे. रिकामी गप पडून राहते."

"घरात पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत," वहिनी म्हणायच्या, "तिकडे मात्र कसे छान मरून पडतात!"

शवागारावरच्या एका भयपटात टेबलावरचं प्रेत म्हणजे दादा. कुणीतरी परीक्षणात लिहिलं, 'या चित्रपटात प्रामाणिक अभिनय फक्त प्रेताने केला आहे.' दादांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं. कारखान्यात सगळ्यांना दाखवून झालं.

त्या भयपटाचा दुसरा भाग निघाला, तोवर कापसाची बारीक धूळ दादांच्या छातीत बसली होती. खोकला हटत नव्हता. "कुणाला बोलू नकोस," मला म्हणाले. "परत बोलावणार नाहीत."

या वेळी प्रेत करवतीने फाडायचं होतं. रबराचं पोट चिकटवायला चार तास लागले. पोट एकच होतं. त्यामुळे शॉटही एकच.

चित्रपटाला सगळ्यांनी झोडपलं. आतडी, करवत, भिंतभर रक्त. किळस येते, भीती वाटत नाही, असं बहुतेकांनी लिहिलं. मीही लिहिलं. करवत टेकण्याआधी प्रेताची छाती वर येताना मला दिसली होती. शेवटी मी टाकलं, 'पहिल्या भागात माणसं तरी जिवंत होती. या भागात श्वास घेतं ते फक्त प्रेत.'

ते दादाच आहेत हे मला माहीत होतं. वाक्य जमलं होतं. ठेवलं.

वाक्य या फोनवरून त्या फोनवर फिरलं. दोन दिवसांनी दादा जिना चढून आले. मध्येच थांबून, खोकून, मग वर.

"हे तू लिहिलंस?"

"दादा, मी..."

"अरे, खोटं कुठे लिहिलंयस? खोकला आला. दाबायला गेलो तर श्वास वर आला." त्यांनी पेपरची घडी माझ्या खुर्चीवर ठेवली. "तुझ्याआधी कुणाला दिसलं नव्हतं बघ."

तिसऱ्या भागात दुसरा माणूस घेतला. पाच महिन्यांनी दादा गेले.

पंधरा दिवसांनी वहिनींनी मला खाली बोलावलं. हातात फोन दिला.

"यांचा हलताना एकही व्हिडिओ नाही रे. फोन समोर धरला की खांबासारखे उभे. पिक्चरमध्ये बघावं तर सगळीकडे मेलेलेच. तू लिहिलं होतंस ना, एकात श्वास घेतात म्हणून? तेवढं काढून दे. रक्त नको येऊ देऊस."

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी तो तुकडा कापला. दोन सेकंदांचा. पोट चौकटीबाहेर ठेवलं. छाती वर येते.

वहिनींनी पाहिला. परत पाहिला.

"श्वास सोडतात कुठे? सोडतात तिथपर्यंत घे ना."

पुढे नाही, मी सांगितलं. पुढे करवत आहे.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.