विटांची टोपी

माझ्या मावशीशी बोलताना एक गोष्ट आधी लक्षात ठेवावी लागते. ती थेट तुमच्या तोंडाकडे बघत असेल, तर तुम्ही तिला दिसत नसता. तुमच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघायला लागली, की समजावं, आता ती तुम्हाला नीट न्याहाळते आहे. नजरेच्या मधोमध तिला राखाडी डाग दिसतो आणि जे काही दिसतं ते कडेकडेनं. नव्या माणसाला वाटतं, बाईचं लक्षच नाही. माझा नवरा लग्नानंतर कितीतरी दिवस याच गोष्टीवरून फुगून बसला होता.

मावशी टेलर. पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, शेजारी खडूच्या रेघांनी पांढरं पडलेलं टेबल, आणि बिस्किटांच्या डब्यात बटणं. बिस्किटं त्या डब्यात कधीच सापडली नाहीत, ही माझ्या बालपणाची मोठी निराशा. शाळेचे गणवेश, पडदे, बँडवाल्यांच्या घुमटासारख्या टोप्या, सगळं तिच्या हातून गेलं. मग डोळे अधू झाल्यावर एकदा तिनं एका बाईच्या ड्रेसला एक बाही उलटी लावली. ती बाई भली. काही न बोलता ड्रेस घेऊन गेली आणि दुसरीकडून दुरुस्त करून घेतला. मावशीला हे कळलं, तेव्हा तिनं मशीनवर चादर टाकली.

"बाही उलटी लागली याचं नाही गं काही," ती मला म्हणाली. "पण तिनं मला सांगितलं नाही. माझी दया आली तिला."

त्यानंतर ती नुसती बसून राहायला लागली. दोन्ही हात मांडीवर, जणू दुसऱ्या कुणाचे सांभाळायला ठेवलेत. मला ते बघवायचं नाही, आणि जे बघवत नाही त्याचा मला राग येतो. म्हणून मी तिच्यावर ओरडायचे, बाहेर पड, भजनाला जा, काहीतरी कर. ती म्हणायची, "मला मन रमवायचं नाहीये. मला काहीतरी करायचंय. हातून आता काही होणार नसेल, तर तसं स्पष्ट कळू दे एकदा."

ते स्पष्ट कळून घेण्यासाठी तिनं काय निवडावं? पिझ्झाची भट्टी!

फोनवर ती व्हिडिओ लावायची आणि ऐकायची. त्यात कुणीतरी अंगणात विटांची भट्टी बांधत होतं, आणि बोलता बोलता म्हणालं, की या घुमटाला आतून कसलाच आधार नसतो. मावशीनं ते वाक्य पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. जेवताना तिनं जाहीर केलं, की मागच्या अंगणात असली भट्टी ती बांधणार आहे.

काका जेवायचे थांबले. काका म्हणजे मावशीचे यजमान, पाणीपुरवठ्यातून निवृत्त, स्वभावानं सावध. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," ते म्हणाले. "अगं, पिझ्झा आपण वर्षातून किती वेळा खातो?"

"अहो, बांधायचीय मला. खायचं नंतर बघू."

"पण तुला विटांतलं काय कळतं?"

"टोपीच तर आहे. कापडाच्या ऐवजी विटांची."

त्या दिवसापासून माझ्या गाडीचे हाल सुरू झाले. आगीला साध्या विटा चालत नाहीत, तडकतात. भट्टीच्या विटा हव्यात, पिवळट आणि वजनदार. त्या आम्हाला गावाबाहेर एका बंद पडलेल्या कपबशांच्या कारखान्यात मिळाल्या. तिथली जुनी भट्टी पाडत होते. ढिगावर उभा असलेला माणूस म्हणाला, "हव्या तेवढ्या न्या, पण निवडून देणार नाही." मावशी खाली बसली. एक वीट डाव्या हातात, एक उजव्या हातात, आणि एकमेकींवर टकटक. जी वीट खणखणीत वाजेल ती ठेवायची, जी बद्द वाजेल ती मागे. तो माणूस आधी हसला. थोड्या वेळानं तोही शेजारी बसून वाजवायला लागला. त्याच्या निम्म्या विटा मावशीनं मागे टाकल्या, हा भाग वेगळा.

माती मिळाली रोपवाटिकेच्या मागे विहीर खणत होते तिथून. तिथूनच कुंड्यांत घालतात ते पांढरे हलके दाणे, ऊब धरून ठेवायला. रिकाम्या बाटल्या गल्लीनं पुरवल्या, भट्टीच्या तळाखाली पुरायला. त्यांची लेबलं बघून कोणाच्या घरी काय चालतं ते मला कळलं, पण मी तोंड उघडणार नाही. दाराला जुन्या कपाटाचा पत्रा. माझ्या गाडीच्या डिकीत आजही हात घातला तर वाळू लागते. मी धुसफुसत होते हे खरं, पण मावशी मागच्या सीटवर मांडीवर वीट घेऊन बसलेली आरशात दिसली, की माझी जीभ आपोआप थांबायची.

ओटा गल्लीतल्या गवंड्यानं बांधून दिला. त्यावर आम्ही ओल्या वाळूचा गोल ढीग रचला, थापून गुळगुळीत केला. या ढिगावर मातीच्या गाऱ्यात विटा रचायच्या, माती सुकली की वाळू उपसून काढायची, की राहिला तो घुमट. मावशीनं ढिगाचं माप घेतलं तिच्या शिवणकामाच्या टेपनं, जिच्यावर बोटांना कळावं म्हणून तिनं ठिकठिकाणी दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या. ती मापं सांगत गेली, मी खाकी कागद कापत गेले. खाली रुंद, वर निमुळता, प्रत्येक रांगेचा वेगळा नमुना. काकांनी गवंड्याचं कटर आणलं, नाकाला फडकं बांधलं आणि नमुन्याबरहुकूम विटा कापल्या. संध्याकाळी धुळीनं माखलेले ते भिंतीतून निघाल्यासारखे दिसायचे.

सगळ्या विटा कापून झाल्या. पहिली रांग ढिगाभोवती लावायला घेतली, आणि शेवटच्या विटेला घोडं अडलं. जागाच उरेना. दुसरी रांग नुसतीच ठेवून बघितली, तीही तशीच. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी गवंड्याकडे. मावशीनं खाकी नमुना मागितला. कडेवरून बोट फिरवलं, टेप लावली, आणि तिचा चेहरा पडला.

"शिलाईची जागा सोडली मी," ती म्हणाली. "चारी बाजूंनी."

हे कुणा अडाण्याच्या हातून झालं नसतं. जन्मभर कापड कापताना शिवणीसाठी कडेला बोटभर जास्त सोडायचं, ही तिच्या हाताची सवय. हातानं विटांनाही तेवढंच सोडलं. गवंडी हसू दाबत म्हणाला, "मावशी, विटेला कुठली हो शिलाई?" आणि ती उठून आत गेली. चादर टाकलेल्या मशीनजवळ जाऊन बसली. मी मागे गेले तर म्हणाली, "झालं कळून स्पष्ट. डोळे गेलेच होते, आता हातही गेले." मी चादरीच्या सुरकुत्या सरळ करत बसले.

सकाळी मी गेले तेव्हा काका विटा पुन्हा कापायच्या तयारीत होते, म्हणजे पायरीवर बसून सुस्कारे टाकत होते. मावशी बाहेर आली. ढिगावर हात फिरवला, चारी बाजूंनी, गिऱ्हाइकाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"कापू नका," ती म्हणाली. "कपडा मोठा झालाय ना? मग गिऱ्हाईकच लठ्ठ करू."

"म्हणजे?"

"वाळू आणा आणखी. ढीग वाढवायचा."

काका आ वासून बघत राहिले, मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. गवंडी मात्र हसला नाही. त्यानं ढिगाभोवती बोटानं एक मोठं वर्तुळ काढून बघितलं आणि ओटा वाढवायला घेतला. मी गाडीची चावी काढली. वाळू आणि तळाच्या विटा पुन्हा आणायच्या होत्या.

ढीग वाढला, वर वाळू संपल्याची खूण म्हणून वर्तमानपत्राचे ओले कागद चिकटवले, आणि विटा बसल्या. शेवटची वीट मावशीनं माथ्यावर दोन्ही हातांनी दाबून बसवली, टोपीचं बटण लावतात तशी.

माती सुकल्यावर वाळू उपसायचा दिवस आला. ते काम मावशीनं कुणाला दिलं नाही. भट्टीच्या तोंडातून हात आत घालून ती वाळू ओढू लागली. आधी मनगट आत, मग कोपर, मग खांदा. आम्ही तिघं वरच्या विटांकडे टक लावून उभे. एकेक घमेलं रिकामं होत होतं, म्हणजे विटांखालचा आधार जात होता, आणि तो आधार माझी मावशी स्वतःच्या हातानं काढत होती. काका "हळू गं, हळू" म्हणत होते, आणि तो घुमट जणू ऐकेल म्हणून कुजबुजत म्हणत होते.

"कागद लागला," ती आतून म्हणाली. तिचा गाल विटांना टेकला होता. तिनं ओला कागद सोलून बाहेर टाकला आणि मग बराच वेळ तिचा हात नुसता आत फिरत राहिला. "काही नाहीये आत. अहो, काहीच नाहीये. नुसत्या एकमेकींना धरून आहेत."

गवंड्यानं टोपी काढली. मी पाळीपाळीनं सगळ्यांवर खेकसत असते, पण त्या वेळी मला हात जोडावेसे वाटले. कोणाला ते नक्की माहीत नाही, पण वाटले. मी वाकून आत बघितलं. रिकामी गोल पोकळी, आणि वर एवढ्या वजनाच्या विटा, कशालाही न टेकता. मी स्वतः कागद कापले होते, स्वतः विटा वाहिल्या होत्या, तरी माझा विश्वास बसेना.

मग काही दिवस काकांनी लहान लहान जाळ केले, कारण ओल्या भट्टीला एकदम पेटवलं तर ती फुटते. मोठा जाळ केला त्या दुपारी गल्ली जमली. मैद्याचे गोळे थापून तयार होते, टोमॅटो शिजला होता, चीज किसलं होतं. लाकडं धडधडून पेटली आणि आतला घुमट काजळीनं काळाकुट्ट झाला. मुलं हिरमुसली. काळाच आहे की सगळा!

आणि मग माथ्यावर एक पांढरा ठिपका उमटला. काजळी जळून विटा उजळू लागल्या. ठिपका पसरला, रांगेरांगेनं खाली उतरला, काळ्या पोटातून पांढरा घुमट उघडत गेला.

मावशी भट्टीसमोर स्टुलावर होती. तिनं तोंड वळवलं आणि कुंपणाच्या भिंतीकडे बघायला लागली.

"धग लागली वाटतं बाईंना," शेजारीण हळूच म्हणाली. "इतकं केलं, आणि बघवेना बिचारीला."

मावशी भिंतीकडे बघत राहिली, खूप वेळ, पापणी न हलवता.

"वरून सुरू झालं ना पांढरं व्हायला?" ती म्हणाली. "आता खालपर्यंत आलंय. ठेवा पिझ्झा." आणि मग, अजून भिंतीकडेच बघत, "तिसरी रांग डावीकडे वाकडी आलीये."

काका वाकले, डोळ्यांवर हात धरून आत बघितलं.

"आहे गं," ते म्हणाले. "वाकडी आहे."