रेडिएटरची जाळी कोणी धुतली

वहिनी चाळिशीत गाडी शिकली तेव्हा घरात सगळ्यात जास्त पोटात दुखलं ते माझ्या. दादाची ती डिझेल गाडी चांगली पंधरा वर्षांची जुनी, पण मला तिची किल्ली कधी मिळाली नाही. ‘तू ठोकशील’ म्हणून विषय संपायचा. वहिनीला मात्र मिळाली, कारण तिची आई दिंडोरीला अंथरुणाला खिळलेली आणि एक दिवसाआड तिकडे न्यायला दादाला वेळ नव्हता. आईजवळ एक बाई ठेवली होती, पण अंघोळ म्हातारीला लेकीच्याच हातची लागायची. वहिनी सकाळी मखमलाबादहून निघायची, आईला न्हाऊमाखू घालून, चार घास भरवून बाराच्या आत परत. येताना चेहरा असा खुललेला की मला बघवायचं नाही. असा मी.

आमच्याकडे खंडेनवमीला द्राक्षाच्या फवारणीचा पंप सुरू केला की ट्रॅक्टर, मोटरसायकल, ओटा, सगळं त्याच्याच गनने धुवून काढायचं. त्या पाण्याला असा जोर की चिखलच काय, रंगही निघावा. त्या वर्षी दादाची गाडी मी धुवायला घेतली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या जाळीत किडे आणि पाचोळा अडकलेला. मी गन अगदी भिडवून मारली. वहिनी चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, “भाऊजी, जरा लांबून मारा ना. नाजूक दिसतंय ते.”

“वहिनी, तुम्ही चहा ठेवा तिथं,” मी म्हटलं.

जाळीच्या पातळ पात्या कणसाच्या पानासारख्या आडव्या झोपल्या. मला दिसलं नाही असं नाही, दिसलं. वाटलं, कोण बघतंय. वर झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि मोकळा झालो.

त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन, आणि जाळीतून वारा जायला जागा नाही. म्हसरूळ ओलांडलं की इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे सरकायचा. वहिनीने संध्याकाळी दादाला सांगितलं. दादा छाटणीच्या गडबडीत, मजुरांवर ओरडून घसा बसलेला. “दुसऱ्या गिअरवर हाकत बसतेस, मग गरम नाही होणार तर काय? नाचता येईना अंगण वाकडं,” तो म्हणाला. मी मोठ्यांदा हसलो. वहिनी दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा कॅन बरोबर न्यायला लागली. काटा चढला की झाडाखाली थांबायचं, गाडी निवू द्यायची, पाणी घालायचं, पुढे निघायचं. महिनाभर तिने हेच केलं. मग इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली, आणि एका सकाळी ती इतकी वाढली की वहिनीने गाडी बंद करून कडेला लावली आणि फोन केला. ट्रॅक्टरला बांधून दादाने आणि मी ती गॅरेजवर आणली.

मिस्तरी म्हातारा, कमी बोलणारा. त्याने गाडी सुरू केली, लांब पेचकस इंजिनाला टेकवला आणि मूठ कानाला लावली. मग डिझेलचा एकेक पाइप सैल करत गेला. तिसरा सैल केला तशी टकटक दबली. गाडी बंद करून त्याने खालचा बोल्ट काढला, ऑइल हातावर घेतलं, उन्हात धरलं. बोटांवर चांदीच्या वर्खासारखा चुरा चमकत होता.

“बेरिंग गेलंय तिसऱ्या सिलिंडरचं,” तो म्हणाला. “गरम होऊन होऊन ऑइल पाण्यावानी पातळ झालं, लोखंडाला लोखंड लागलं. ताईंनी वेळेत बंद केली म्हणून नशीब, नायतर इंजिनच गेलं असतं.” मग तो पुढे गेला, वाकला आणि जाळीवरून बोट फिरवलं. “पण गरम झाली ती ह्याच्यामुळं. फवारणीच्या पंपानं मारलंय हे. जाळी कोणी धुतली?”

वहिनीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी बोलेन अशी तिची खात्री होती, बस्स.

“वहिनीच धुतात,” मी म्हटलं. “गाडी त्यांच्याच ताब्यात असते ना.”

तिने तोंड उघडलं तेवढ्यात दादा म्हणाला, “एक शब्द बोलू नकोस. किल्ली आण इकडे.” त्याने चारचौघांत हात पुढे केला. वहिनीने किल्ली दिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गाडी दुरुस्त होऊन आली ती दारात उभी राहिली, आणि किल्ली दादाच्या खिशात गेली. मला तेव्हाही मिळाली नाहीच. वहिनी आता कोणाला सवड असेल तेव्हा दिंडोरीला जायची, म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा. म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या. बाई फोनवर सांगायची, वहिनी ऐकून घ्यायची आणि भाकरी थापायला बसायची. घरी तिने खरं सांगून बघितलं असेल तर मला माहीत नाही. दादाने ऐकलं नसतं हे मात्र आम्हा दोघांनाही माहीत होतं.

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना एका दुपारी बाईचा फोन आला, लगेच या. दादा माल घेऊन पिंपळगावला, किल्ली त्याच्याबरोबर, गाडी दारात. मी जेवत होतो.

“भाऊजी, मोटरसायकलवर न्याल का मला?”

“दोन घास राहिलेत,” मी म्हटलं. दोन नव्हते. मी भात घेतला, वर ताक घेतलं, हात धुतले. वहिनी पायात चपला घालून उंबऱ्यात उभी होती.

म्हसरूळच्या पुढे पुन्हा फोन वाजला. तिने मागे बसल्या बसल्या ऐकला आणि बंद केला. मग माझ्या खांद्याला हळूच हात लावून म्हणाली, “सावकाश घ्या आता, भाऊजी. जेवून लगेच निघालात तुम्ही.”

मी गाडी सावकाश घेतली.