आडवं पडायची भीती

घाबरणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. धीट माणूस जातो, करून येतो, विषय संपला. आमचं तसं नाय. जायच्या आधी एक किस्सा, वाटेत एक, आणि घरी आल्यावर आईला काय सांगायचं याचा आणखी एक!

आमचा ग्रुप म्हणजे तिघंच. देसले सर मुरबाडच्या एका शाळेत पीटी शिकवतात, स्वतः ट्रायथलॉन केलेले. बबन सापगावचा, शाळेची व्हॅन चालवतो. आणि मी दिनेश, आसनगावला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पोहायचं, सायकल मारायची, धावायचं, अशी उन्हाळ्यातल्या ट्रायथलॉनची तयारी चालली होती. मधेच डिसेंबरातली एकवीस किलोमीटरची रेस आली. सर म्हणाले, "रेस धावायची, पण तिन्ही गोष्टी जीव खाऊन करायच्या नाहीत. आराम हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग आहे."

इथेच माझी तंतरली!

मला पाण्याची भीती नाही, चढाची नाही. मला आराम करायची भीती वाटते. हसू नका. मी नववीत असताना बाबा भात झोडून आले, "जरा पडतो" म्हणाले आणि पडवीत आडवे झाले. आईने चहा केला, पण "दमलेत, झोपू दे जरा" म्हणून उठवलं नाही. दिवेलागणीला हाक मारायला गेली, तर बाबा गेलेले. तेव्हापासून दिवसा पाठ टेकली की माझ्या छातीत धडधड सुरू होते. आता बाबा ज्या वयात गेले ते वय जवळ आलंय, तशी ती वाढलीच आहे. धावत असलो की बरं वाटतं, कारण धावणारा माणूस जिवंत आहे हे सगळ्यांना दिसतं.

*

आमचं पोहणं सापगावच्या खाली, भातसा नदीच्या डोहात. सरांनी शिकवलेलं, "दमलात की घाबरायचं नाही. उताणं पडायचं, अंग सैल सोडायचं. पाणी आपल्याला धरतं."

मला ते कधीच जमलं नाही. मी आपला काठाशी हातपाय मारत असतो. बबनला मात्र असं जमलं की काही विचारू नका. एके सकाळी तो डोळे मिटून, हात पसरून डोहाच्या मधोमध पडला आणि हळूहळू धुण्याच्या दगडांकडे सरकायला लागला.

तिथल्या एका बाईने पाहिलं आणि बोंब ठोकली, "अगो बाई, माणूस वाहत आलाय गो!"

माणसं धावली. कोणीतरी गुरांचा कासरा आणला. मला माहीत होतं की हा नुसता पडलाय. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आणि याने हाकेला ओ दिली नाही तर? तेवढ्यात कासऱ्याची गाठ सपकन बबनच्या पोटावर बसली.

बबन ताडकन उठून बसायला गेला, बुडाला, वर आला आणि खेकसला, "काय रे, जरा झोपू पण देत नाय माणसाला!"

ती बाई धुणं तिथेच टाकून पळाली.

*

मग रेस्ट डेचा किस्सा. सरांनी रविवारचा रेस्ट डे दिला. मी घरी आईला सांगितलं, "आये, आज धावायचं नाय, सायकल नाय, पोहायचं नाय."

"बरा झाला," आई म्हणाली. "मग इळा घे."

दिवसभर भात कापलं. मला तर सुटल्यासारखं झालं, आडवं पडायचा प्रश्नच नाही! बबनलाही बोलावलं, त्याचाही रेस्ट डेच होता ना. सोमवारी दोघांनाही कंबर सरळ करता येईना.

सरांनी विचारलं, "काल रेस्ट घेतली?"

"फुल रेस्ट, सर!" बबन म्हणाला. "एक पाऊल धावलो नाय."

"मग असे वाकून का उभे आहात?"

"भात कापलं ना, सर."

सर म्हणाले, "पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी पण रेस्टच," बबन म्हणाला. "झोडणी आहे."

*

सरांनी मला त्यांचं जुनं घड्याळ दिलं होतं. हृदयाचे ठोके ठरवलेल्या आकड्याच्या वर गेले की ते पीं पीं करायचं. म्हणजे वेग कमी करायचा. सोप्या दिवशी सोपंच धावायचं, अशी सक्ती.

तर सोप्या दिवशी मी आणि बबन मुरबाड रोडला रमतगमत धावतोय. फटफटलेलं, दोन्हीकडे साग. चार दिवसांपूर्वी तिथे बिबट्याने शेळी नेली होती, ही खबर नेमकी बबनला त्याच वेळी आठवली! एवढ्यात उजवीकडे पाचोळा वाजला. आम्ही थांबलो, तर आवाजही थांबला. चाललो, तर तोही चालला.

माझ्या घड्याळाने गळा काढला. पीं पीं पीं!

"गप कर त्याला!" बबन दातओठ खात म्हणाला.

"गप कसा होईल? भीती वाटतेय मला!"

"मग घाबरू नको ना!"

झाडीतून एक वासरू बाहेर आलं, आमच्याकडे बघितलं आणि शांतपणे रस्ता ओलांडून गेलं. आमचे पाय तिथून किती तरी वेळ हलेनात.

संध्याकाळी सरांनी मोबाइलवर माझ्या ठोक्यांचा आलेख बघितला आणि चिडलेच, "दिनेश, इथे वेग का वाढवलास? आज सोपं धावायचं होतं ना?"

"सर, तिथे मी उभा होतो."

*

रेस जवळ आली तसं सरांनी सगळंच निम्म्यावर आणलं. मला रिकामा वेळ खायला उठला. मग मी दुकान उघडायच्या आधी गुपचूप कसाऱ्यापर्यंत सायकल मारून यायला लागलो. पाय जड झाले, भूक गेली. एक दिवस धावताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. खरं सांगतो, मला वाटलं, आता बाबांसारखंच. बबनने पळत जाऊन शाळेची व्हॅन आणली, मला मुलांच्या सीटवर आडवं टाकलं आणि शहापूरला डॉक्टरांकडे नेलं. वाटेत दर वळणावर ओरडत होता, "दिन्या, बोल काहीतरी! शिव्या दे पायजे तर!"

डॉक्टरांनी ईसीजी काढला, नीट तपासलं. म्हणाले, "हृदय उत्तम आहे. शरीर थकलंय. याला औषध एकच, झोपा."

मी विचारलं, "डॉक्टर, त्याच्या बदल्यात दुसरं काही देता येईल?"

सरांना कळलं. ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली. एवढंच म्हणाले, "रेसच्या आदल्या दुपारी झोपायचं. नाही झोपलास, तर गाडीत घेणार नाही."

*

रेस मी पूर्ण केली. मेडल टीव्हीच्या वर लटकतंय, या कधीही बघायला. मला सांगायची आहे ती रेसच्या आदल्या दिवसाची दुपार.

जेवलो. पडवीत चटई टाकली. आई दारात उभी राहून बघत होती. "जरा पडतो," मी म्हणालो, आणि शब्द तोंडातून गेल्यावर लक्षात आलं मी काय बोललो ते. आई चुलीकडे गेली.

धडधड सुरू झाली. तशीच ऐकत पडलो, आणि कधी डोळा लागला कळलं नाही.

"दिनू, चा घे."

घेतला. पुन्हा पडलो. पुन्हा डोळा लागला.

"दिनू. अरे दिनू! चा घे."

"आये, आताच घेतला ना!"

"घेतलास का? बरा. मग झोप."

पुढच्या वेळी कप नव्हताच. खांद्यावर नुसता हात होता. मी डोळे उघडले, तशी ती म्हणाली, "काय नाय. झोप तू."

संध्याकाळपर्यंत असंच चाललं. मजा म्हणजे धडधड कुठल्या कुठे गेली. हात लागायचा, मी उठायचो, आणि लगेच पुन्हा गाढ!

दुसऱ्या दिवशी पहाटे सर गाडी घेऊन दारात आले. बबन पुढे बसलेला. सरांनी काच खाली करून पहिला प्रश्न तोच विचारला, "काल झोपलास का?"

मी तोंड उघडायच्या आत पायरीवरून आईच बोलली.

"झोपला की! चांगला झोपला. मी उठवून उठवून बघत व्हते ना."