बाहेरून लावलेली खूण

रादोस्तिना कधी चुकत नाही, असं प्लेवेन शहरातल्या त्या इस्पितळात सगळे म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, तिलाही तसंच वाटायचं. बाई पन्नाशीची. रुग्णांच्या नोंदींचा प्रोग्रॅम तिनेच लहानाचा मोठा केलेला. कुणी तक्रार घेऊन आलं की आधी त्याचीच हजेरी घ्यायची: "नीट वाचलंस का? मग जा, पुन्हा वाच!"

म्हणून गालिना नर्सवर बालंट आलं तेव्हा कुणी दुसरा विचारच केला नाही. पेनिसिलिन न चालणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिने नेमकं तेच टोचलं. आता तो अतिदक्षता विभागात श्वासासाठी झगडत होता. गालिना रडून सांगत होती, "पडद्यावर लाल इशारा आलाच नाही हो!"

"आला नाही म्हणजे काय?" इस्पितळाचे प्रमुख मेतोदीसाहेब कडाडले. "नोंद मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत असली की इशारा येत नव्हता, खरंय. पण रादोस्तिनाने ते कधीच दुरुस्त केलंय!"

गालिनाला कामावरून काढायचं ठरलं.

जेवणाच्या सुट्टीत रादोस्तिनाने हलवून खुंटा बळकट करावा तसा त्या म्हाताऱ्याच्या नोंदीवर औषधाच्या नावाचा शोध चालवून पाहिला. नोंद मोठ्या अक्षरांत. इशारा नाही. पुन्हा चालवला. नाहीच. समोरची चीज भरलेली बानित्सा तशीच राहिली.

दुरुस्ती एका अक्षराची होती. शोधाच्या शेवटी तिने खूण जोडली होती: लहान-मोठं अक्षर एकच समज. तेव्हा कोऱ्या फाइलमध्ये पॅटर्न, म्हणजे काय शोधायचं त्याचा साचा, नव्याने लिहून तिने ती तपासली, चालली, झालं. पण खऱ्या प्रोग्रॅममध्ये औषधांच्या नावांचा पॅटर्न आधीच तयार करून ठेवलेला असे, काम झटपट व्हावं म्हणून. तिने तो पॅटर्नच पडद्यावर छापून पाहिला. त्याचे नियम तयार होतानाच त्याच्या पोटात बांधले गेले होते. बाहेरची खूण आत शिरतच नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी! जिथे पॅटर्न तयार होई तिथेच तिने खूण लावली, आणि पडदा लाल झाला.

"अगं बये," ती पुटपुटली. एक खरी नोंद तपासली असती तर! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चूक माझी आहे," तिने साहेबांना सांगितलं.

"हळू बोल, बाई! गालिनाने कबूल केलंय. प्रकरण मिटलंय."

"कबूल? काय कबूल केलंय तिनं?"

ती धावतच खाली गेली. गालिना कपाट रिकामं करत होती.

"गालिना, इशारा आलाच नव्हता गं. माझ्यामुळे आला नव्हता. तुझी काही चूक नाही."

गालिना बाकावर बसली.

"सकाळी मी त्या आजोबांच्या बायकोपुढे गुडघे टेकले, रादोताई. म्हटलं, इशारा आला होता, मीच पाहिला नाही. तुम्ही सगळे इतकं ठासून सांगत होतात." तिने डोळे गच्च मिटले. "मला तो इशारा आता आठवतोसुद्धा. लालभडक. अगदी समोर दिसतो."