मोरचुदाचं पाणी

"पान दाखवा, मग बोला."

शिवरुद्र अप्पांचं हे बोलणं झरी गावात सगळ्यांच्या कानात बसलेलं. कुणी त्यांच्या औषधाच्या दुकानाची पायरी चढून पिकाचं गाऱ्हाणं सुरू केलं, की अप्पा हात आडवा करत. खताच्या पोत्यावर पान पसरून उलटंसुलटं बघत, औषधाचं नाव सांगत आणि वर बजावत, "रोग एका झाडावर दिसू द्या, फवारा सगळ्या वावरावर. एक ओळ सोडली की वावर गेलं."

माणूस एका जागी ठरणारा नव्हता. ताट संपेपर्यंत बसलेले अप्पा नागुबाईनं लग्नापासून कधी पाहिले नव्हते. औषधाच्या कंपनीनं दुकानदारांना गोव्याला नेलं, तिथं त्यांनी पहिल्यांदा समुद्र बघितला, आणि परत आल्यावर तर ते घरात मावेनासे झाले. शेवटी समुद्रच घरी आला. काचेची मोठी टाकी, फिल्टरचं पाणी, त्यात विरघळवायचं पिशवीतलं मीठ, आणि परभणीहून धम्मानंदच्या दुकानातून आणलेली नारंगी माशांची जोडी, अंगावर पांढरे पट्टे. सोबत एक जिवंत फूल, दिसायला फूल पण समुद्रातला प्राणीच. ते दगडाला चिकटून बोटं हलवत राहायचं आणि ती जोडी त्याच्या बोटांत निजायची.

लिंगायताच्या घरात मासे म्हणल्यावर गाव हसलं. "वैनी, फोडणी कवा द्यायची?" शेजारचा मुंजाजी दारातून ओरडायचा.

"आधी तुमच्या जिभेला देते," नागुबाई म्हणायची.

पण त्या टाकीपुढं बसले की अप्पांचा पाय हलायचा थांबे. दिवसातून तेवढाच वेळ नवरा घरात असल्यासारखा वाटे. म्हणून त्या जोडीवर तिचाही जीव जडला होता.

मग अप्पांनी एक निळा मासा आणला. नवा मासा काही दिवस वेगळ्या टबात ठेवा, असं धम्मानंदनं बजावलं होतं. अप्पांना कुठला धीर? पिशवी सरळ टाकीत रिकामी केली. निळा मासा आठवड्याच्या आतच मेला, आणि जोडीच्या अंगावर मिठासारखे बारीक कण उमटले. दोघं दगडाला अंग घासायला लागले.

"देवी आल्यात हो," नागुबाई म्हणाली. "आता त्यायला शिवू नका." आणि घरात देवी असल्या की फोडणी देत नाहीत, म्हणून त्या दिवशी तिनं खरंच वरणाला फोडणी दिली नाही.

"देवी कशाच्या? जंतू हायत. अंगावरून गळतेत, तळाला वाढतेत, परत अंगावर चढतेत." अप्पा मोबाइल हातात घेऊन घरभर फिरत होते. "यात सांगायलेत, तांब्याचं औषध. म्हणजे मोरचूदच की! आपल्या दुकानात पोतं पडलंय."

"पुरतं ऐका तर."

"ऐकायचं काय त्याच्यात? जंतू तळाला हायत म्हणल्यावर सगळं वावरच फवारायचं."

निळे खडे तांब्याभर पाण्यात विरघळले आणि ते पाणी टाकीत गेलं.

संध्याकाळपर्यंत फुलाची बोटं आखडली. सकाळी ते दगडावरून सुटून चिकट गोळ्यासारखं तळाला पडलं होतं. पाणी दुधट झालं, घरात घाण वास सुटला. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. अप्पा टाकीपासून दुकानात, दुकानातून टाकीपाशी. मुंजाजी कापसाचं पान घेऊन आला.

"अप्पा, हे बघा की."

"राहू दे ते!"

मुंजाजीनं पान खिशात घातलं.

"धम्मानंदला फोन लावा," नागुबाई म्हणाली.

"काय सांगू? मोरचूद टाकलं म्हणून? साऱ्या गावाला औषध सांगणारा मी."

तिनंच फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. अप्पांनी पडेल आवाजात सगळं सांगितलं. पलीकडून धम्मानंदनं समजावलं.

"अप्पा, औषध तेच असतंय, पण निव्वळ माशासाठीचं, मापात, रिकाम्या टबात. फुलाला तांबं म्हणजे जहर. आता मेलेलं फूल पाणी नासवायलंय. ताजं पाणी करून मासे आजच इकडं आणा. वेगळे ठेवून बघतो."

"वाचतेन का?"

"आणल्याबिगर कसं सांगू? पण परत त्या टाकीत द्यायचो न्हाई. दगडानं तांबं पिलंय. जगले तर माझ्याकडंच राहतेन."

अप्पांनी टाकीकडं पाहिलं. नागुबाईला वाटलं, आता चिडतील, फोन आपटतील. ते म्हणाले, "राहू द्या. जगू द्या म्हणजे झालं."

बादलीत मीठ विरघळवून पाणी तयार झालं. अप्पांनी जाळीनं दोघांना उचलून त्यात सोडलं आणि वर ओलं फडकं बांधलं. नागुबाई म्हणाली, "मुंजाजीला गाडी काढायला सांगते."

"नको. गाडीवर हिसके बसतेत. स्टँडापर्यंत पायी जातो, यष्टीत मांडीवर धरतो."

बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते निघाले. पाणी हिंदकळू नये म्हणून पाऊल घासत टाकत होते, खड्डा आला की थांबून वळसा घेत होते. कुणीतरी हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही. दाराच्या चौकटीला धरून नागुबाई बघत राहिली. नेहमी एका दमात पार होणारी ती गल्ली आज संपत नव्हती. अप्पा पाराशी वळून दिसेनासे झाले, तरी ती तिथंच उभी होती.